वाकळीला पडलेल्या चुण्या आणि गंजाचा डाग

आमच्या गुहागरात पावसाळ्यात शेतीची कामं उरकली की वाकळ शिवायला घेतात. सासूबाईंच्या दोन जुन्या सुती नऊवारी होत्या. त्या आत घातल्या आणि वरखाली दुकानातून आणलेलं नवं पांढरं कापड लावलं. श्रावणभर बसून धावदोरा घातला. दिवाळीआधी पहिल्यांदा धुतली, तर सगळीकडे चुण्या! मला रडूच आलं.

चूक माझीच. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि जुनी लुगडी तर कधीचीच आटून झालेली. वरचं कापड ओढलं गेलं, आतलं गोळा झालं. मग टाके उसवले. हे काम चार दिवसांचं, आणि कात्रीपेक्षा सुईच्या टोकाने सावकाश उसवलेलं बरं, जुनं लुगडं फाटत नाही. कापडं पुन्हा भिजवून ऑक्टोबरच्या कडक उन्हात वाळवली. या वेळी आधी मधोमध कच्चे टाके घातले आणि कडेकडे सरकत गेले, म्हणजे घडी मध्ये अडकत नाही.

आणखी एक. पावसात सुई कापडातच टोचून ठेवली होती, तिथे गंजाचा तांबूस डाग पडला. त्यावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं, दोनदा केल्यावर गेला. रंगीत कापडावर मात्र आधी कोपऱ्यात करून बघा, रंग उडतो. आता सुया खोबरेल तेलाचं बोट लावून घट्ट झाकणाच्या डबीत असतात.

पौषातल्या थंडीत सासूबाई तीच वाकळ पांघरून झोपल्या.