जुनी फायबरची बोट उघडायच्या आधी: टेकू, आणि मग बाकीचं

पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा माझ्याकडे चांगली दोन पानी यादी होती, रेझिन (वाळून टणक होणारा चिकट रस) किती, मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) किती, ग्राइंडरच्या डिस्क किती, चहाचा थर्माससुद्धा लिहिला होता, आणि टेकू नव्हते. अठरा फुटी केबिनवाली बोट, सत्तरच्या दशकातली, अलिबागच्या बाजूला एका वाडीत पालापाचोळ्याखाली पडलेली, ती ताम्हिणीतून टेम्पोवर आणली, धायरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार जुन्या टायरांवर टेकवली आणि शनिवार-रविवारच्या जोशात वरचा डेक आणि केबिनचे दोन्ही कुजलेले प्लायचे पडदे, म्हणजे आतल्या आडव्या भिंती, कापून बाहेर फेकले. पंधरा दिवसांनी नवीन प्लाय जुन्याच्या मापाने कापून आत धरला तर डावीकडे दोन बोटं फट आणि उजवीकडे तो आतच जाईना. मी शहाण्याने उजवीकडून रबरी हातोडीने ठोकला, डावीकडे पुट्टी भरली आणि वर मॅट मारून मोकळा झालो. बोटच वाकडी झालीये हे कळलं रंग दिल्यावर, कारण चकचकीत रंगात टायरच्या जागी परातीएवढा खळगा दिसायला लागला, आतल्या प्लायची धार बाहेरून रेघेसारखी उठली आणि केबिनचं दार काही केल्या लागेना. सहा महिन्यांचं काम परत कापलं. तर आता ही यादी.

पहिलं, टेकू. पेठेत जुना वाडा उतरवताना बघितलंय ना, आधी खांब-तुळयांना टेकू देतात आणि मगच भिंतीला हात लावतात, तसंच इथे. फायबरची बोट म्हणजे दगडी डोण नाही, बाजूचा पत्रा, म्हणजे फायबरचीच भिंत, माझ्या बोटीत जेमतेम ६ मिलिमीटर होता, त्याला आकारात धरून ठेवतात आतले आडवे पडदे, तळातल्या लांब पट्ट्या आणि वरचा डेक. यातलं एकेक काढत गेलात की उरतं ते झाकण नसलेलं मोठं घमेलं, ते जिथे टेकलंय तिथे आत दबतं, जिथे नाही तिथे फुगतं, आणि तशा अवस्थेत नवीन प्लाय आणि मॅट बसवली की तो वाकडेपणा कायमचा झाला. आवाज होत नाही, तडा जात नाही, म्हणून कळत नाही.

मग टेकू कसे, तर बोटीचं सगळं वजन खालच्या कण्यावर, म्हणजे कीलवर, खाली लांब सपाट ओंडके ठेवून घ्यायचं. बाजूचे टेकू फक्त तोल राखायला, त्यांच्यावर वजन टाकायचं नाही. आणि ते जिथे आत पडदा आहे बरोबर त्याच्या बाहेर लावायचे, मधल्या मोकळ्या पत्र्यावर नाही. सेंट्रिंगवाल्याकडे वर-खाली होणारे लोखंडी जॅक भाड्याने मिळतात, त्याच्या डोक्यावर फूटभर प्लायचा तुकडा आणि त्यावर जुन्या गालिचाची पट्टी, झालं. टायर नको. टायर मऊ असतो म्हणून चांगला असं मलाही वाटलं होतं.

टेकू लावल्यावर लगेच कापायचं नाही, आधी मापं. पुढच्या टोकापासून दर तीन फुटांवर काठावर मार्करने रेघ मारा, त्या रेघेवर डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत रुंदी मोजा आणि आकडा तिथेच बोटीवर लिहा, वहीत नाही, वही हरवते. मग पुढच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत सुतळी ताणून बघा, दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत. पीळ बसलाय का बघायला गवंड्याची पाण्याची नळी, एक टोक डाव्या काठाला, एक उजव्या, पुढे एकदा आणि मागे एकदा. या सगळ्याला एक तास लागतो आणि मी तो वाचवला होता. मग दोन बाय एक इंचाच्या लाकडी पट्ट्या त्या प्रत्येक रेघेवर काठापासून काठापर्यंत स्क्रूने बसवा, हे आतले टेकू समजा, आणि जुना पडदा निघायच्या आधी त्याचा पुठ्ठ्याचा साचा काढा. सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच पडदा काढायचा, तो नवीन बसला, धरला, की मग दुसरा. डेकपण निम्मा निम्मा. पाहुणे येतील, म्हणतील अरे एका दिवसात सगळं साफ करून टाकू, त्यांना चहा देऊन घरी पाठवा.

आता जागा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका, रेझिनमधल्या स्टायरीनचा वास चार मजले वर जातो आणि ग्राइंडिंगची पांढरी धूळ वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, मग सेक्रेटरी खाली येतात. शेड बघताना वाटेतल्या गेटची उंची मोजा, बोट टेम्पोवर चढल्यावरची उंची, जमिनीवरची नाही. जमीन कोबा केलेली हवी, मुरूम असेल तर टेकू पावसात खचतात आणि परत तेच.

हंगाम दिवाळीनंतरचा. पुण्यात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो आणि मग ओली हवा ऑक्टोबरपर्यंत हलत नाही, त्यात लॅमिनेशन, म्हणजे रेझिन लावून मॅटचे थर चढवणं, करणं म्हणजे भांडण विकत घेणं. मे महिन्यात उलटं, मगातलं रेझिन हातात असतानाच गरम होऊन धूर सोडतं, म्हणून तेव्हा सकाळी सातला सुरू करून दहाला बंद. जानेवारीत पहाटे दहा-बारा डिग्री असतं, रेझिन चिकटच राहतं, अकरानंतर हात घाला आणि उन्हं उतरायच्या आत ते धरलं पाहिजे.

सामान. प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून, आणि तिथे नुसतं वॉटरप्रूफ द्या म्हणू नका, सगळंच वॉटरप्रूफ असतं, आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, ते मरीन. ३०३ म्हणजे फर्निचरचा प्लाय, तो इथे नको. रेझिन पाण्याखालच्या भागाला साधं जीपी (जनरल पर्पज पॉलिस्टर) नको, आयसो (आयसोफ्थॅलिक पॉलिस्टर) तरी घ्या, परवडलं तर व्हिनाइलएस्टर. दुरुस्तीला इपॉक्सी सगळ्यात घट्ट धरते पण महाग, आणि एकदा इपॉक्सी मारली की त्यावर पॉलिस्टर नीट धरत नाही, म्हणजे पुढे सगळं इपॉक्सीच. अजून एक, इपॉक्सीबरोबर ती साधी चॉप मॅट घेऊ नका, तिचे धागे ज्या गोंदाने धरलेले असतात तो स्टायरीनमध्ये विरघळायला केलेला असतो, इपॉक्सीत स्टायरीन नाही, मॅट ताठच राहते. विणलेलं काचेचं कापड घ्या. नट-बोल्ट स्टेनलेस, समुद्रात जाणार असाल तर ३१६ ग्रेडचं. सिलिकॉनची ट्यूब शेडमध्ये आणूसुद्धा नका, जिथे लागेल तिथे परत रंग धरत नाही.

हार्डनरबद्दल नीट वाचा. आपल्याकडे पॉलिस्टर रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात, जांभळी कोबाल्टची आणि पाण्यासारखी हार्डनरची. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर, शेकडा एक ते दोन, उन्हाळ्यात एकच्या जवळ. या दोन बाटल्या थेट एकमेकांत कधीही, अगदी थेंबभरसुद्धा मिसळायच्या नाहीत, भडका उडतो, स्फोट होऊ शकतो. एकच चमचा दोन्हीकडे वापरणारे कारागीर मी बघितलेत, त्यांचा चमचा काढून घ्या. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, गॉगल हवाच, आणि पाण्याची बादली हाताशी. मास्क कोविडवाला चालत नाही, वासासाठी कार्ट्रिजवाला लागतो. ग्राइंडिंगच्या धुळीने अंग खाजतं त्याला उपाय म्हणजे लांब बाह्या आणि गार पाण्याची आंघोळ, गरम पाण्याने केलीत तर मग रात्रभर बसा खाजवत. ते कपडे घरच्या वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, आमच्याकडे आठवडाभर सगळं घर खाजवत होतं आणि आईने बोटीचं नाव काढायचं नाही असं जाहीर केलं.

कापायला सुरुवात करायच्या आधी परत एकदा, टेकू आहेत का, काठावर आकडे लिहिलेत का, आडव्या पट्ट्या बसल्यात का. मग डेक. नाण्याने किंवा पान्याच्या दांड्याने ठोकत जा, टणटण वाजतं तिथे ठीक, बद्द वाजतं तिथे आतलं लाकूड गेलंय. वरचं फायबरचं कातडं अखंड कापून बाजूला ठेवा, ते परत लावायचंय. आतून निघेल तो चहात बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखा काळा लगदा, माझ्या बोटीतून दोन घमेली निघाला, त्यात गांडुळं होती. सगळं खरवडा, वाळवा, रात्रभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून ठेवा, सकाळी आतून दव असेल तर अजून वाळलं नाही. घासायच्या आधी असिटोनने पुसा, नंतर नाही, नाहीतर जुनं वॅक्स सँडपेपरने ओरखड्यांत भरतं आणि नवीन थर सोलून निघतो. जोडाच्या ठिकाणी उतार द्यायचा तो पत्र्याच्या जाडीच्या बारापट, म्हणजे ६ मिलिमीटरला साधारण तीन इंच, हात आखडता घेऊ नका.

नवीन पडदा पत्र्याला घट्ट टेकवायचा नाही, चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर फट ठेवून त्यात फोमची पट्टी, कोपऱ्यात पुट्टीची गोलाई, मग कापडाचे तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. बाहेरून रेघ उठते ती याच्या अभावी. बसवायच्या आधी काठावरचे आकडे परत मोजा. नाही जुळले तर जॅक फिरवून जुळवा, प्लाय ठोकू नका, मी ठोकला होता. आणि टेकू कधी काढायचे, तर शेवटचा पडदा आणि डेक बसल्यावर किमान आठवडाभराने, एकेक, दर वेळी मोजत.

यापुढचं पटापट. वायरिंग पूर्ण नवीन, जुन्याला जोड देत बसू नका, पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, सगळं मिळतं फक्त टिनची कलई केलेली वायर मागा. केबिनमध्ये गॅसची शेगडी नको, गॅस जड असतो, तळात साठतो. पेट्रोलचंही तेच. जेलकोटच्या (बाहेरच्या चकचकीत थराच्या) शेवटच्या हाताला वॅक्स मिसळा नाहीतर चिकट राहील. रंग सावलीत. धरणात घालायची तर पाटबंधारे खात्याची परवानगी, समुद्रात तर सागरी मंडळाकडे नोंदणी, कागद आधी सुरू करा. बूच, पंप, लाइफजॅकेट, हे काय सांगायचं.

हां, ट्रेलर. बोट ट्रेलरवर चढली की ट्रेलरच तिचा टेकू झाला हे लक्षात घ्या. दोन-चार रबरी रोलरवर खड्ड्यांतून खडकवासल्यापर्यंत नेलीत तर परत तिथेच दाबणार. कील खालच्या तुळईवर टेकली पाहिजे आणि बाजूला गालिचा मारलेल्या लांब फळ्या. माझ्या फळ्या कापून तयार आहेत, शेडमध्ये भिंतीला उभ्या, बोट अजून जॅकवरच आहे, या रविवारी बसवतो.