शेपटी बघून बोआचं बारसं करू नका: या चुका टाळा

पावसाळा लागला की माझ्या फोनवर एकाच छापाचे फोटो यायला लागतात. पिवळ्या बल्बखाली काढलेला, अर्धा साप मांडीवर, अर्धा फोटोच्या बाहेर, आणि खाली एकच ओळ: "दादा, बीसीसीच ना ही?" डोकं दिसत नाही, पाठ दिसत नाही, शेपटी मात्र झूम करून वेगळी पाठवलेली. घरी बोआ (अमेरिका खंडातले मोठे, बिनविषारी साप) पाळून मला बरीच वर्षं झाली. म्हापशातले शेजारी अजून गेटवरूनच विचारतात, "हार न्हय मरे तो?" त्यांचं मी मनावर घेत नाही, मोठा साप म्हणजे हार, म्हणजे अजगर, हे त्यांचं लहानपणापासूनचं गणित. पण हजारो रुपये मोजून साप घेणारा माणूससुद्धा शेपटीवरून पोटजात ठरवतो, तेव्हा मात्र डोकं फिरतं.

आधी थोडं नावांचं. बीसीसी म्हणजे बोआ कॉन्स्ट्रिक्टर कॉन्स्ट्रिक्टर: अँडीज पर्वताच्या पूर्वेकडचा, अॅमेझॉन, गयाना, सुरिनाम या भागातला. बीसीआय म्हणजे इम्परेटर: मेक्सिकोपासून खाली मध्य अमेरिकेतून कोलंबियाच्या उत्तर-पश्चिम भागापर्यंत. जुन्या पुस्तकांत इम्परेटर ही पोटजात म्हणून आहे, हल्ली बहुतेक अभ्यासक तिला वेगळी प्रजातीच मानतात. पाळणाऱ्यांच्या तोंडी बीसीआय हा शब्द राहिला तो राहिलाच. पाळीव म्हणून विकले जाणारे बहुतेक बोआ, आणि अल्बिनो, हायपो, मोटली वगैरे मॉर्फपैकी (म्हणजे पैदास करून टिकवलेल्या रंग-नक्षीच्या प्रकारांपैकी) जवळजवळ सगळे, याच इम्परेटरच्या घरातले.

आता ती शेपटी. लाल शेपटी दोघांनाही असते. बीसीसीची बऱ्याचदा जास्त गडद, रक्तासारखी लाल असते हे खरं, पण विटकरी शेपटीचे बीसीसी आणि झकास लाल शेपटीचे इम्परेटर मी दोन्ही पाहिलेत. 'रेडटेल' हे दुकानातलं नाव आहे, त्याच्या पाटीवर विश्वास ठेवू नका.

फोंड्याकडचा एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आला होता. परराज्यातल्या एका विक्रेत्याकडून त्याने 'सुरिनाम रेडटेल' घेतली होती, जुनी स्कूटर येईल एवढ्या पैशांत. सोबत कागद म्हणाल तर एक छापील चिठ्ठी, त्यावर सही कोणाची ते वाचता येत नव्हतं. परिवेश या सरकारी पोर्टलवर सापाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा होता आणि शास्त्रीय नावाच्या जागी तो बीसीसी लिहून मोकळा होणार होता. मी म्हटलं, थांब, कात टाकू दे. "किती दिवस?" दोन-तीन आठवडे. चेहरा असा केला की जणू मी त्याला वर्षभराचा उपास सांगितला.

कात आली ती फाटक्या, ओल्या गोळ्याच्या रूपात, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली. पावसाळ्यात असं केलंत तर चार दिवसांत बुरशी धरते. मी ती कोमट पाण्यात भिजवली, पोटाच्या बाजूने मधोमध कात्रीने उभी कापली आणि चपटी पसरून पारदर्शक फाइलमध्ये घातली. मग ती फाइल घेऊन आम्ही झेरॉक्सच्या दुकानात गेलो आणि स्कॅन काढला. दुकानदाराने फाइल उलटीसुलटी करून पाहिली, "हें कितें रे?" म्हणाला, आणि उत्तर ऐकून काच दोनदा पुसली. पैसे नेहमीएवढेच घेतले.

ही सगळी खटपट एका आकड्यासाठी. शरीराच्या मध्यावर, म्हणजे तोंडाचं टोक आणि गुदद्वार यांच्या बरोबर मधे, पोटाच्या रुंद खवल्यांना लागून असलेल्या पहिल्या लहान खवल्यापासून सुरुवात करायची आणि तिरपं मोजत पाठीवरून पलीकडच्या बाजूपर्यंत जायचं. बीसीसीत हा आकडा साधारण 81 ते 95 येतो, इम्परेटरमध्ये 55 ते 79. पाठीवरचे खवले इतके बारीक असतात की पहिल्यांदा मोजणाऱ्याचा आकडा तिन्ही वेळा वेगळा येतो. त्या मुलाचे आले 74, 66, 70. मी दर दहाव्या खवल्यावर लाल पेनाने टिंब देतो, स्कॅनवर ते जमतं, जिवंत सापावर जमत नाही. नीट मोजल्यावर 67 आले. पाठीवरची सॅडल, म्हणजे खोगिरासारखे दिसणारे गडद डाग, मोजली तर 26. बीसीसीत ती साधारण 22 च्या आत असतात. सुरिनाम गेलं उडत.

विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, "मोठी झाली की रंग येईल." खवल्यांची संख्या मोठं होऊन वाढत नाही, पिल्लू जन्मताना जेवढी घेऊन येतं तेवढीच राहते. म्हणूनच मी रंगापेक्षा खवल्यांना मानतो.

सॅडल मोजताना एक चूक सगळेच करतात: शेपटीवरचे पट्टेही धरतात. मानेपासून गुदद्वारापर्यंतच मोजा. 'जंगल' किंवा 'मोटली' नावाचा मॉर्फ असेल तर मोजूच नका, नक्षीच बदललेली असते.

रंगावरून ठरवायचा मोह होत असेल तर साप कात टाकायला आलेला नाही ना, ते आधी बघा. डोळे दुधाळ झाले की सगळेच बोआ राखाडी दिसतात. होंडुरासजवळच्या केयोस कोचिनोस बेटांवरचे, ज्यांना हॉग आयलंड म्हणतात, ते तर दिवसा गडद आणि रात्री फिके होतात. फोटो काढायचा तर सकाळी नऊच्या सुमारास व्हरांड्यात, पांढऱ्या पंचावर, फ्लॅशशिवाय. वरून एक, बाजूने डोक्याचा एक, पोटाचा एक.

लांबीवरून पोटजात ठरत नाही. जास्त खाऊ घातलेला साप लांब नसतो, जाडा असतो.

माझी दुसरी चीड म्हणजे देशाची नावं. "कोलंबियन आहे, म्हणजे बीसीआय." बहुतेकदा बरोबर, कारण कोलंबियातून बाहेर गेलेले बोआ मुख्यतः उत्तर-पश्चिमेकडचे. पण कोलंबियाचा आग्नेय कोपरा अॅमेझॉनमध्ये आहे, तिथला बोआ बीसीसी. पेरूचंही तसंच: पूर्वेला इकितोसकडे बीसीसी, तर वायव्येला इक्वाडोरच्या सीमेलगत टुम्बेसमध्ये लॉन्गिकाउडा ही वेगळीच पोटजात. नुसतं 'पेरू' सांगणं म्हणजे 'गोव्याचा आंबा' सांगण्यासारखं, मानकुराद की मुसराद ते कळलंच नाही.

याहून महाग पडणारी चूक: काळसर साप दिसला की 'अर्जेंटाइन' म्हणणं. ऑक्सिडेंटालिस ही अर्जेंटिना-पॅराग्वेकडची पोटजात सायटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे, बाकीचे बोआ परिशिष्ट 2 मध्ये. आपल्याकडे 2022 च्या दुरुस्तीनंतर सायटिसमधले प्राणी वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये आले आणि 2024 च्या नियमांनी त्यांची नोंदणी सक्तीची केली. हौसेने अर्जात ऑक्सिडेंटालिस लिहाल तर साध्या काळ्या इम्परेटरसाठी नको ते प्रश्न अंगावर घ्याल. शिवाय या पोटजातीचा खवल्यांचा आकडा साधारण 64 ते 87, म्हणजे वरच्या दोन्हींत मिसळणारा. ब्राझीलच्या अमराली पोटजातीचाही इम्परेटरच्या हद्दीतच पडतो. मोजणी फक्त बीसीसी की बीसीआय या भांडणात कामाची, सगळ्या भांडणांत नाही.

आणि हे दोघे एकमेकांशी जोडले तर पिल्लं होतात, ती पुढे प्रजननक्षमही असतात. पिढ्यान् पिढ्या कोणी कोणाशी काय जोडलं याची वही नसेल तर आकडा 80 च्या आसपास येतो आणि आपण डोकं खाजवत बसतो. डीएनए करू म्हणणाऱ्यांनो, मायटोकाँड्रियाची चाचणी फक्त आईची बाजू सांगते. अशा वेळी मी सरळ 'बोआ, मूळ अज्ञात' म्हणतो. पैसे पाण्यात गेले असं लोकांना वाटतं, वाटू दे. पिल्लं मात्र त्या जोडीची काढू नका, खोट्या नावाने विकली जातील.

फोंड्याच्या मुलाने अर्जात शेवटी इम्परेटर लिहिलं. पण त्याआधी एक वाक्य बोलला त्याने मला झोप आली नाही: "दादा, ही खोटीच निघाली तर मोल्याच्या जंगलात सोडू?" मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर 1971 मध्ये असेच बोआ सोडले गेले, ते तिथे आजही आहेत. अरुबा बेटावर 1999 मध्ये पहिला सापडला, नंतर आवरता आवरेना. साप नकोच असेल तर दुसऱ्या नोंदणीकृत पाळणाऱ्याकडे रीतसर हस्तांतर करा, नाहीतर वनखात्याला कळवा. त्याने सोडली नाही. परवा त्याचा फोटो आला, पंचावर, सकाळचा, पोटाचाही होता.