रील गाजली, पण गूगलवर दुकान दिसत नाही? खान्देशातल्या छोट्या उद्योगांसाठी

रावेरच्या केळीच्या वेफर्सची रील लाखभर लोकांनी पाहिली, तरी तेवढ्याने गूगलवर दुकान वर चढत नाही. लाइक आणि फॉलोअर मोजून गूगल क्रम लावत नाही. फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या लिंकला ‘नोफॉलो’ची, म्हणजे ‘ही लिंक मोजू नको’ असं गूगलला सांगणारी खूण असते, म्हणून तिचं वजनही वेबसाइटच्या पदरात फारसं पडत नाही. फायदा होतो तो आडवाटेने. लोक तुमचं नाव गूगलवर शोधू लागतात, एखादी वेबसाइट तुमची लिंक देते, कधी तुमचा व्हिडिओच शोधात दिसतो.

आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि नकाशात दिसणारी दुकानाची नोंद, नीट करा. नाव पाटीवर असेल तेच ठेवा. त्याला ‘जळगाव बेस्ट वेफर्स’ असं शेपूट जोडलं तर नियम मोडतो आणि प्रोफाइल बंद पडू शकतं. फेसबुकवर जुना नंबर, इन्स्टाग्रामवर मुलाचा, वेबसाइटवर तिसराच, हा घोळ घरोघरी. नाव, पत्ता, फोन सगळीकडे एकच हवा.

सगळ्यात जास्त कष्ट यूट्यूबवर घ्या, कारण तिथला व्हिडिओ वर्षानुवर्षं शोधात येत राहतो. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे. ‘जळगाव केळी वेफर्स’ असे गिऱ्हाइकाचे शब्द सुरुवातीलाच घ्या. बोला खुशाल अहिराणीत, मजा त्यातच आहे. शीर्षक आणि वर्णन मात्र मराठीत लिहा. वर्णनाच्या पहिल्या ओळीत त्याच मालाच्या पानाची लिंक द्या, मुखपृष्ठाची नको, आणि ‘एचटीटीपीएस’सकट पूर्ण पत्ता टाका. शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंक ऑगस्ट २०२३ अखेरपासून दाबली जात नाही, म्हणून लिंकसाठी मोठा व्हिडिओच लागतो. व्हिडिओचे भाग (चॅप्टर) पाडायचे तर वर्णनात प्रत्येक भाग सुरू होण्याची वेळ लिहा: पहिली ०:००, एकूण किमान तीन, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग १० सेकंदांहून छोटा ठेवू नका. यातलं एक चुकलं तरी भाग दिसत नाहीत.

इन्स्टाग्रामचं खातं प्रोफेशनल आणि सार्वजनिक असेल, तर जुलै २०२५ पासून त्याच्या पोस्ट गूगलवर दिसू शकतात. सेटिंगमध्ये ती परवानगी चालू आहे का बघा. कॅप्शनमध्ये नुसती हृदयं नकोत. माल, गाव, वजन, पार्सल कुठवर जातं ते लिहा.

व्हॉट्सअॅप ग्रुपमधलं काहीच गूगलला दिसत नाही. तिथून गिऱ्हाइकाला गूगल रिव्ह्यूची लिंक पाठवा, माल पोचल्यावर दोन दिवसांत. बदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही. भाऊबंदांकडून एका रात्रीत चाळीस रिव्ह्यू घेतले, तर ते उडण्याचीच शक्यता जास्त.

हंगामाआधी दीड-दोन महिने तयारी हवी: भरताची वांगी थंडीत, मांडे आखाजीला (अक्षय तृतीयेला). वेबसाइटवर दरवर्षी नवं पान काढू नका. जुन्याच पत्त्यावर भाव आणि फोटो बदला, नाहीतर गेल्या वर्षी मिळालेल्या लिंक वाया जातात.

परिणाम सर्च कन्सोलच्या (वेबसाइट गूगल शोधात कशी दिसते ते सांगणारं गूगलचं साधन) ‘परफॉर्मन्स’मध्ये पाहा: दुकानाच्या नावाने किती जण शोधतात? हंगामी मालासाठी तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा.