म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी : या चुका टाळा

मोती सोफ्यापाशी यायचा, पुढचे दोन पाय वर टेकवायचा, क्षणभर थांबायचा आणि पाय खाली घेऊन जमिनीवरच बसायचा. "वय झालं आता त्याचं," असं आम्ही दोन-तीन महिने म्हणत राहिलो. मग एकदा त्याच्या पुढच्या डाव्या पायाकडे नीट पाहिलं. मनगटाच्या सांध्यावरचे पांढरे केस चाटून चाटून तांबूस झाले होते. तो रोज तिथेच चाटत होता, कारण तिथेच दुखत होतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, दुखण्याला म्हातारपण समजणं. सांधे दुखतात म्हणून कुत्रा सहसा ओरडत नाही. झोपून उठताना त्याचं अंग आखडलेलं असतं आणि चार पावलं चालल्यावर मोकळं होतं. जिन्याच्या पहिल्या पायरीशी तो घुटमळतो, मागच्या मांड्या हळूहळू बारीक होतात, कंबरेला हात लावला की गुरगुरतो. दवाखान्यात तर भीतीने आणि उत्साहाने लंगडणंही लपतं. म्हणून उठताना, वळताना, जिना चढताना घरीच व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

घरातली गोळी देऊ नका

इथे मी हात जोडून सांगते. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होऊ शकतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतावर आणि रक्ताच्या ऑक्सिजन वाहण्याच्या क्षमतेवर घाला येतो. "अर्धीच दिली होती" याने काही वाचत नाही. कुत्र्यांसाठी कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम अशी औषधं आहेत, पण त्यांचा डोस वजनावर ठरतो आणि आधी यकृत-मूत्रपिंडाची रक्ततपासणी लागते. मेलॉक्सिकॅमची माणसांची गोळी लहान कुत्र्याला सहज जास्त होते. अशा औषधासोबत स्टेरॉइड कधीच नको. त्वचेच्या खाजेसाठी कुणी प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) दिलं असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. उलटी, काळी शी किंवा जेवणावरची वासना उडणं, यातलं काही दिसलं की पुढचा डोस थांबवा आणि लगेच फोन करा.

दुसरी चूक याच्या उलट. दोन दिवसांत बरा वाटला म्हणून औषध आपल्या मनाने बंद करायचं. दुखणं परत येतं, कुत्रा हालचाल कमी करतो, स्नायू झडतात आणि सांध्यावरचा भार आणखी वाढतो.

वजन

लाडाने दिलेला प्रत्येक जादा घास सांध्यालाच उचलावा लागतो. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा जन्मभर अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना 25 टक्के कमी खाणं दिलं गेलं. त्यांच्यात सांधेदुखी उशिरा आली आणि ते सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले. मला तरी कुठल्याही महागड्या पावडरीपेक्षा हे मोठं वाटतं. हलका हात फिरवला की फासळ्या बोटांना लागायला हव्यात. त्यासाठी दाबावं लागत असेल तर वजन जास्त आहे.

फिरणं आणि फरशी

आठवडाभर घरात आणि रविवारी दोन तास बाहेर, हे नको. रोज दोन-तीनदा थोडं थोडं, सपाट जागेवर चालवा. चेंडू फेकणं मात्र सोडाच, कारण धावत येऊन गर्रकन वळताना सांध्याला हिसका बसतो. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकतात, तिथे न सरकणारी चटई टाका. नखं वाढली की पंजा नीट टेकत नाही, आणि पंजाखालच्या गाद्यांमधले केस वाढले की पकड सुटते. मोतीची नखं कापली, पाणी प्यायच्या वाटेवर रबरी चटई घातली आणि त्याच आठवड्यात तो पुन्हा आपणहून भांड्यापर्यंत जाऊ लागला.

एवढं करूनही लंगडतोय?

मग निदान पुन्हा तपासून घ्या. गुडघ्याचा फाटलेला लिगामेंट (हाडं जोडणारा पट्टा), मणक्याचा त्रास किंवा हाडाची गाठही अशीच दिसते. आज हा पाय, उद्या तो आणि सोबत ताप असेल तर गोचीड तापाची रक्ततपासणी करा. पाय अचानक टेकवेनासाच झाला, तर सांधेदुखी धरून बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.