मॉडबसची लाइन आयसोलेट करताना

आरएस-४८५ वर (उपकरणं जोडणारी सिरियल लाइन) मॉडबस (उपकरणांमधल्या संवादाचा प्रोटोकॉल) चालवायचं आणि शेजारच्या पॅनेलमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा, विजेचा गोंगाट करणारा ड्राइव्ह) आहे म्हटल्यावर आयसोलेशन, म्हणजे दोन बाजू तारेने न जोडता सिग्नल पलीकडे नेणं, हवंच. पण ड्रॉवरमधला पीसी८१७ (साधा ऑप्टोकपलर, म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारी चिप) उचलण्याआधी एका बिटचा वेळ काढा. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) तो साधारण १०४ मायक्रोसेकंद, ११५२०० ला जेमतेम ८.७. पीसी८१७ च्या कलेक्टरला १० किलोओहमचा पुल-अप (आउटपुट वर खेचणारा रेझिस्टर) लावला की सिग्नल वर चढायलाच कित्येक मायक्रोसेकंद जातात. स्कोपवर चौकोनी लाटेऐवजी तिरके डोंगर दिसतात. हाच जुगाड करून मी अख्खा दिवस कोडमध्ये चूक शोधली आहे.

वेग हवा तर ६एन१३७ हा वेगवान ऑप्टोकपलर घ्या, तो १० एमबीपीएसपर्यंत जातो. नाहीतर सरळ डिजिटल आयसोलेटर, म्हणजे प्रकाशाशिवाय तेच काम करणारी चिप. आरएस-४८५ ला तीन चॅनेल लागतात: जाणारा डेटा, येणारा डेटा आणि ड्रायव्हर एनेबल (लाइनवर बोलायला सुरुवात करायचा सिग्नल). आयएसओ७७३१ या डिजिटल आयसोलेटरमध्ये दोन एका दिशेला, एक उलट, म्हणजे नेमकं हवं तेच. फक्त शेवटचं अक्षर बघून मागवा. कंट्रोलरकडची वीज गेली की साध्या चिपचं आउटपुट हाय राहतं, 'एफ' वाल्या चिपचं लो. एनेबल हाय अडकला तर तुमचा एक नोड (जोडलेलं उपकरण) सगळी बस, म्हणजे सामायिक लाइन, धरून बसेल, म्हणून इथे 'एफ'च.

आयटूसीला (चिप्समधली दोन तारांची बस) यातलं काही चालत नाही, कारण तिथे एकाच तारेवर दोन्हीकडून बोलणं असतं. त्यासाठी एडीयूएम१२५० हा दोन्ही दिशांचा आयसोलेटर आहे.

पलीकडच्या बाजूला आयसोलेटेड डीसी-डीसी सप्लायच द्या. बोर्ड जोडून झाला की दोन्ही ग्राउंडमध्ये मल्टिमीटर लावा. बीप वाजली तर कुठेतरी तार शिवली आहे.