फूट ड्रॉप: गुडघ्याजवळचा प्रतिसाद घोट्यापेक्षा मोठा आला तर

फूट ड्रॉपमध्ये, म्हणजे पाऊल वर उचलता येत नसेल तेव्हा, पेरोनियल नर्व्हला (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने पायात उतरणारा मज्जातंतू) ठिकठिकाणी सौम्य करंट देऊन ईडीबी या पावलाच्या वरच्या बाजूच्या छोट्या स्नायूचा प्रतिसाद मोजतात. हा प्रतिसाद घोट्यापाशी उत्तेजन दिल्यावर येतो त्यापेक्षा फिब्युला हेडखाली (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा) दिल्यावर मोठा आला, तर आधी तंत्र तपासा. घोट्यापाशी करंट कमी पडला असेल, किंवा गुडघ्याजवळ तो शेजारच्या टिबियल नर्व्हपर्यंत पसरला असेल. असा पसरला तर पाऊल वर उचलण्याऐवजी खाली वळतं. दोन्ही नसेल तर बाहेरच्या घोट्याच्या मागे उत्तेजन द्या. तिथून ईडीबीवर प्रतिसाद मिळाला, तर ॲक्सेसरी पेरोनियल नर्व्ह (याच नर्व्हची जादा फांदी) आहे. हा आजार नव्हे, रचनेतला फरक. पण त्यामुळे फिब्युला हेडपाशी असलेला कंडक्शन ब्लॉक (नर्व्हमधला संदेश अडणं) झाकला जाऊ शकतो. म्हणून टिबियालिस अँटीरियर या नडगीपुढच्या स्नायूवरूनही नोंद घ्याच; पाऊल उचलणारा मुख्य स्नायू तो, ईडीबी नव्हे.