नॅसची डिस्क बंद पडल्यावर आधी काय करावे

घणसोलीत आमच्याकडे वीज दोनदा गेली-आली आणि दोन डिस्कांच्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेल्या, फाइली साठवणाऱ्या पेटीवर) लाल दिवा लागला. अशी डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली, की ‘फॉरमॅट करायची का’ असा प्रश्न येतो, कारण बहुतेक घरगुती नॅस लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतात आणि त्यांची ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइलप्रणाली विंडोजला आपणहून वाचता येत नाही. तेव्हा ‘नाही’ म्हणावे. डिस्क काढण्यापूर्वी तिच्या कप्प्याचा क्रमांक तिच्यावर मार्करने लिहावा. आतून खट्‌खट् असा ठरावीक आवाज येत असेल, तर वीज तोडून ती डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडे न्यावी. (डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तर, मुळीच ऐकू नये.) आवाज नसेल, तर तेवढ्याच किंवा मोठ्या क्षमतेच्या दुसऱ्या डिस्कवर लिनक्समधील डीडीरेस्क्यू या खराब डिस्क वाचवणाऱ्या प्रोग्रामने प्रत काढावी; तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, खराब सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे) शेवटी राखून ठेवतो आणि मॅपफाइल (कुठवर वाचले याची नोंद ठेवणारी फाइल) दिलेली असल्यास मध्येच थांबवला तरी तिथूनच पुढे चालू होतो. फाइलींचा शोध मूळ डिस्कवर नव्हे, या प्रतीवर घ्यावा.